कामामुळे लागलेल्या दुखण्याचे दावे चालवणारं वकिलांचं ऑफिस : साडेतीन स्टार

नाव मुद्दाम देत नाहीये. दादाच्या दाव्यातला एक तुकडा अजून लटकलाय आणि तो मिटेपर्यंत कुणाचंच नाव चव्हाट्यावर नको असं घरात ठरलंय. पण असल्या ऑफिसात जावं का, जाऊन नेमकं मिळतं काय आणि पैसे कुठे वाया जातात असं विचारणारे सारखे भेटतात, म्हणून लिहितोय. ऑफिस छोटंसंच आहे, एक मोठ्या मॅडम, हाताखाली दोन ज्युनिअर, आणि काम एकच, नोकरीमुळे झालेले आजार आणि इजा. घटस्फोट, जमीन, चेक बाउन्स असलं काही घेत नाहीत, विचारलं तर दुसऱ्याकडे पाठवतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कामावर बोट तुटलं, वरून पडलात, हात मशीनमध्ये गेला असं सरळसोट प्रकरण असेल तर एवढ्या स्पेशल ऑफिसची गरज नाही, कामगारांचे खटले चालवणारा कुठलाही बरा वकील ते करेल, काही ठिकाणी तर अर्ज स्वतः भरूनही होतं. पण आजार असेल, आणि तोही वर्षानुवर्षं हळूहळू चढलेला, तर मात्र असंच कुणीतरी लागतं. कारण अपघाताला तारीख असते, वेळ असते, बघणारे चार जण असतात, रजिस्टरमध्ये नोंद असते. आजाराला यातलं काहीच नसतं. कुठल्या दिवशी झाला? कुणालाच सांगता येत नाही. आणि समोरची पार्टी नेमकी तिथेच बोट ठेवते.

कायद्यालाही हे पचायला वेळ लागलाच होता, हे मला तिथेच कळलं. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८४ साली अपघात विम्याचा कायदा आला, ब्रिटनमध्ये १८९७ साली भरपाईचा कायदा आला, आणि त्यातली मोठी गोष्ट ही की मालकाची चूक होती हे कामगारानं सिद्ध करायची गरज उरली नाही, इजा कामातून आणि काम चालू असताना झाली एवढं दाखवलं की पुरे. पण ब्रिटनच्या त्या कायद्यात सुरुवातीला आजार नव्हतेच, ते १९०६ साली घातले, आणि तेही मोजून सहा, शिसं, पारा, फॉस्फरस, आर्सेनिक यांची विषबाधा, अँथ्रॅक्स (जनावरांपासून लागणारा आजार) आणि खाणकामगारांना होणारा हुकवर्म, म्हणजे आतड्यातला जंत. आज आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २०१० ची यादी बघितली तर त्यात रसायनं, धूळ, आवाज, कंपनं, सांध्याचे त्रास, कॅन्सर, इतकंच काय मानसिक आजारसुद्धा आहेत. यादीत आजार असला की काम अर्धं सोपं होतं, कारण बऱ्याच देशांत असं मानतात की अमुक काम करणाऱ्याला अमुक आजार झाला तर तो कामामुळेच, नाही असं म्हणणं असेल तर समोरच्यानं दाखवावं. यादीबाहेरचा असेल तर सगळं ओझं आपल्यावर.

आता दादाचं. दादा फोर्जिंग शॉपमध्ये होता, लोखंड ठोकून घडवायच्या मोठ्या हॅमरवर. पत्र्याची शेड, तापलेलं लोखंड, आणि दिवसभर धाड धाड. गेली काही वर्षं त्याला ऐकू कमी यायला लागलं, वहिनी मागून हाक मारायची आणि हा ढिम्म, फोनवर बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज तर कळतच नाही, आणि रात्री कानात शिट्टी वाजते ती वेगळीच. कंपनीला विचारलं तर त्यांनी शब्दशः कानावर हात ठेवले. म्हणे वय झालं, सगळ्यांचंच होतं. आधी एका ओळखीच्या वकिलाकडे गेलो तर त्यानं एक छापील नोटीस पाठवली, तिला कंपनीनं तितकंच छापील उत्तर दिलं आणि वाटाण्याच्या अक्षता लावल्या. मग इथे आलो.

इथली पहिली बैठक हीच या ऑफिसची खरी कमाई आहे असं माझं मत, बाकी काही आवडलं नसतं तरी यासाठी मी स्टार दिले असते. मॅडम नव्हत्याच, ज्युनिअरपैकी थोरल्या ज्या बाई आहेत त्या बसल्या, समोर साधी आखीव वही, आणि दादाला पहिल्या नोकरीपासून विचारायला सुरुवात केली. कुठलं खातं, कुठलं मशीन, हॅमर किती टनाचा, तू त्याच्यापासून किती लांब उभा, बाजूला आणखी काय चालू असायचं, शेडला भिंती होत्या का नुसते पत्रे, ओव्हरटाइम आठवड्यातून किती वेळा, जेवायला त्याच शेडमध्ये बसायचात की बाहेर. इअरप्लग मिळायचे का, मिळायचे तर कधीपासून, संपले तर नवीन कोण द्यायचं, सुपरवायझर स्वतः घालायचा का. मग एक प्रश्न असा विचारला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो, म्हणाल्या, बाजूचा माणूस हाताच्या अंतरावर असताना त्याच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता यायचं का? दादा हसला, म्हणाला बोलणं कुठलं, आम्ही हातवारेच करायचो, हात आडवा केला की थांब, बोट वर केलं की मार. बाईंनी ते हातवारे एकेक करून वहीत लिहून घेतले! का ते नंतर समजलं. तीन फुटांवरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर तिथला आवाज ८५ डेसिबलच्या वर असण्याची दाट शक्यता, असा ठोकताळा आहे, आणि अमेरिकेतली निऑश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी संस्था ८५ डेसिबलला ८ तास हीच मर्यादा सांगते. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. कंपनीनं आवाज मोजल्याचा एकही कागद दिला नव्हता, मग हे हातवारेच पुरावा झाले, जुन्या दोन सहकाऱ्यांनी प्रतिज्ञापत्रात तेच हातवारे जसेच्या तसे सांगितले.

दुसरी गोष्ट म्हणजे अडचणीचे प्रश्न त्या आपल्यालाच आधी विचारतात. कान कधी फुटला होता का, घरात कुणाला लहान वयात बहिरेपणा, टीबीची इंजेक्शनं घेतली होती का (स्ट्रेप्टोमायसिननं कान जातात, मला हे माहीतच नव्हतं), बंदूक चालवतोस का, मोठ्या स्पीकरचा नाद आहे का. दादा जरा चिडलाच, म्हणाला तुम्ही आमच्या बाजूच्या का त्यांच्या. पण बरोबर होतं ते, पुढे समोरच्या वकिलानं हेच्या हेच सगळे विचारले आणि दादाकडे प्रत्येकाचं उत्तर तयार होतं.

आता रिपोर्टचं. दादानं ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची टेस्ट, शिफ्ट सुटल्यावर घरी येताना केली होती. बाईंनी तो रिपोर्ट बघून बाजूलाच ठेवला. कारण मोठ्या आवाजातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाचे कान काही तास बधिर असतात, ते परत थोडे सुधारतात, त्यामुळे समोरचा म्हणणार हा तात्पुरता त्रास आहे. निदान १४ तास शांततेत काढून मगच टेस्ट, असं सांगून परत पाठवलं. दुसरा रिपोर्ट आला त्यात आलेखाची रेघ सरळ चालत येते, ४००० हर्ट्झला धप्पकन खड्ड्यात पडते आणि ८००० ला पुन्हा थोडी वर चढते, दोन्ही कानांत जवळपास सारखी. आवाजानं गेलेल्या कानाची ही खूण. वयानं जातात तेव्हा रेघ उतरत जाते ती ८००० ला आणखीनच खाली, वर येत नाही. दोन्ही मिसळलेलंही असू शकतं, दादाचं थोडं तसं आहेच, आणि मॅडमनी ते लपवायला सांगितलं नाही.

पण घोडं अडलं डॉक्टरच्या सर्टिफिकेटपाशी. त्यावर एकच ओळ, "दोन्ही कानांनी कमी ऐकू येते, वयोमानानुसार." झालं! त्या एका शब्दानं सगळा दावा पाण्यात. डॉक्टर वाईट नव्हते हो, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं की हा माणूस आयुष्यभर कुठे उभा होता. ऑफिसनं त्यांना एक पत्र लिहिलं, सोबत कामाचा सगळा इतिहास जोडला, आणि चारच प्रश्न विचारले, खड्डा कुठे आहे, तो आवाजामुळे पडणाऱ्या खड्ड्यासारखा आहे का, वयाचा वाटा अंदाजे किती, आणि कामाचा वाटा असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दिवाणी बाजूला शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही, पारडं जरासं आपल्याकडे झुकलं की पुरतं. डॉक्टर "होऊ शकते" असं लिहितात तेव्हा त्याला किंमत शून्य, "बहुधा कामामुळेच" लिहिलं की केस उभी राहते. डॉक्टरांनी नवीन सर्टिफिकेट दिलं, त्यात वयाचा भाग वेगळा आणि आवाजाचा वेगळा. काय लिहा हे त्यांना कुणी सांगितलं नाही, फक्त नीट विचारलं. पहिल्या वकिलानं हे पत्र का लिहिलं नाही हा प्रश्न मला अजून पडतो.

दादानं काम केलेल्या कंपन्या दोन, हा पुढचा गुंता. पहिली बंद पडलेली, दुसरी म्हणते कान पहिलीतच गेले. काही देशांत शेवटच्या मालकावर सगळं टाकतात, काही ठिकाणी वर्षांच्या हिशोबानं वाटणी करतात. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत ब्रिटनमध्ये २००२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हाचं तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट) सांगितलं की कुठल्या मालकाच्या धुळीनं मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, झाला ते सिद्ध करता येत नसेल तरी ज्यानं ज्यानं धोका वाढवला त्याला जबाबदार धरता येईल. तो आजार उगवायलाच २०, ३०, ४० वर्षं लागतात, माणूस तोवर पाच ठिकाणी काम करून रिटायर झालेला असतो. दादाचं त्यातलं नाही, आवाजाची वाटणी वर्षांवर करता येते, आणि आमचा जो तुकडा लटकलाय तो हाच, बंद पडलेल्या कंपनीचा त्या वेळचा विमा कुणाकडे होता हे शोधणं. हे एक भिजत घोंगडं आहे. यात ऑफिसची चालढकल पण आहे, ती पुढे सांगतो.

मुदतीबद्दल मात्र त्यांनी पहिल्याच भेटीत घाई केली, ते बरं केलं. बहुतेक कायद्यांत दाव्याला मुदत असते आणि आजाराला ती कधीपासून मोजायची यावर सगळी मारामारी. ब्रिटनमध्ये ३ वर्षं आहेत, पण मोजणी आजार लक्षणीय आहे आणि कामामुळे आहे हे कळल्यापासून. पूर्वी असं नसायचं. न्यू जर्सीत घड्याळाच्या तबकडीवर रेडियमचा किरणोत्सारी रंग लावणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी टोकदार करायच्या, जबडे सडले, हाडं गेली, आणि १९२७ मध्ये पाच जणींनी दावा लावला तेव्हा कंपनीचं म्हणणं काय, तर तुम्ही नोकरी सोडून २ वर्षांच्या वर झाली, मुदत संपली. शेवटी १९२८ मध्ये तडजोड झाली. धाकटा ज्युनिअर हे सांगत होता तेव्हा त्याचा आवाज चढला होता, मला आवडलं ते. म्हणून पहिल्यांदा "कामामुळे" हा शब्द कुठल्या डॉक्टरनं कधी लिहिला किंवा बोलला त्याची तारीख जपून ठेवा, कागद असेल तर उत्तमच.

बसायच्या जागेत एक दगड कापणारे गृहस्थ भेटायचे. त्यांना टीबी समजून औषधं दिली, पुन्हा दिली, फरक नाही. शेवटी निघालं सिलिकोसिस, म्हणजे दगडातल्या सिलिकाच्या बारीक धुळीनं फुप्फुसं खराब होणं. ही गल्लत खूप होते म्हणे, आणि भर म्हणजे सिलिकाची धूळ गेलेल्या फुप्फुसाला टीबी होण्याचा धोकाही जास्त, म्हणजे दोन्ही एकदम असू शकतं. त्यांचा एक्स-रे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नमुना फिल्म शेजारी ठेवून वाचणाऱ्या डॉक्टरकडे पाठवला होता, ० ते ३ अशी श्रेणी असते, प्रत्येकीच्या आत बारीक पायऱ्या, एकूण बारा. गावठी भाषेत "छातीत डाग" असं लिहिलेलं सर्टिफिकेट आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून किचन ओट्याच्या कृत्रिम दगडावर बंदीच घातली ती याच आजारापायी.

या गृहस्थांमुळे तडजोडीच्या कागदाची गोम कळली. आवाजानं गेलेले कान आवाजातून बाहेर पडल्यावर त्या कारणानं आणखी जात नाहीत, म्हणजे दादाच्या बाबतीत पुढचा हिशोब मुख्यतः श्रवणयंत्राचा, ते दर काही वर्षांनी बदलावं लागतं, बॅटऱ्या, दुरुस्ती. सिलिकोसिस मात्र धूळ सुटली तरी वाढत राहू शकतो. मग "यापुढे कोणताही दावा करणार नाही" या वाक्यावर दोघांनी सही केली तर नुकसान एकसारखं नाही. ब्रिटनमध्ये आता थोडी भरपाई घेऊन, पुढे ठरावीक गोष्ट बिघडली तर परत येण्याचा दरवाजा कोर्टाकडून उघडा ठेवून घेता येतो. दादाला विमा कंपनीनं लवकरच एक आकडा देऊ केला होता, त्यात श्रवणयंत्र एकदाच धरलेलं. मॅडमनी तो कागद वाचून पेन्सिलनं एका ओळीभोवती गोल केला आणि म्हणाल्या, यांना वाटतं हे मशीन जन्मभर पुरतं. नंतर आकडा सुधारून आला आणि तो भाग मिटला.

आता दीड स्टार कुठे गेला ते.

फोन. फोन उचलत नाहीत म्हणजे नाहीतच. व्हॉट्सॲपवर निळ्या टिका येतात आणि पुढे आठवडा शांत. तारीख पडली की पुढची, हे कोर्टाचं झालं, त्याला ते काय करणार, पण तारखेला काय झालं हे दोन ओळींत कळवायला काय जातं? दादा एकदा कोर्टात जाऊन बसला आणि त्या दिवशी बोर्डच (सुनावणीची यादी) नव्हता. विम्याच्या शोधाचं तर प्रत्येक वेळी "पत्र टाकलंय" एवढंच, पत्राची कॉपी मागितली तेव्हा कळलं की पत्र त्याच आठवड्यात गेलंय. ताकास तूर लागू न देणं म्हणतात ते हेच.

आणि फी. फी टप्प्याटप्प्यानं आहे, त्यावर तक्रार नाही. काही देशांत, अमेरिकेत तर सर्रास, जिंकलो तरच फी आणि ती टक्केवारीत असा मामला असतो, भारतात वकिलाला निकालावर टक्केवारी ठरवता येत नाही, तेव्हा पद्धत कुठली ते आपल्या देशाच्या नियमावर. पण तज्ज्ञ डॉक्टरची फी वेगळी, तो साक्षीला आला तर आणखी वेगळी, आणि हरलो तर समोरच्याचा खर्च कुणाच्या डोक्यावर, हे काही पहिल्या कागदात नव्हतं. तोंडी सांगितलं असेल, वहिनीला तर आठवत नाही. बिल आलं तेव्हा घरात वाद झाला. विचारल्यावर मॅडमनी फोड करून दिली, पटण्यासारखीही होती, पण ती आधी द्यायची गोष्ट आहे.

एक चांगलं राहिलं. त्यांना नाही म्हणता येतं. ओळखीच्या एकाला मनगटाच्या त्रासासाठी पाठवलं होतं, कार्पल टनेल (मनगटात नस दबते), असेंब्लीचं काम करतो. त्याची साखर जुनी वाढलेली, थायरॉइडही आहे, आणि ही दोन्ही त्याच दुखण्याची कारणं असतात. हातात कंपन करणारं टूल असतं का विचारलं तर नाही, स्क्रू हातानंच, तेही दिवसातून थोडा वेळ. अर्ध्या तासात सांगून टाकलं की केस कमजोर आहे, पैसे घालवू नका, त्यापेक्षा कंपनीकडून काम बदलून घ्या, त्यासाठीचं पत्र आम्ही लिहून देतो. पत्राचेच पैसे घेतले. तो नाराज झाला, मला मात्र यांच्यावर त्या दिवशी जास्त भरवसा बसला.

जायचं असेल तर जुन्या पगाराच्या स्लिपा, ओळखपत्रं, बदलीचे आदेश, जे जे घरात सापडेल ते सगळं घेऊन जा, निवडत बसू नका, दादाचं सगळ्यात उपयोगी पडलेलं कागदपत्र म्हणजे ओव्हरटाइमची एक चुरगळलेली चिठ्ठी, तिच्यावर खात्याचं नाव होतं. सोबत जुना सहकारी असेल तर उत्तम, त्याला मशीनं आठवतात. वकीलपत्रावर सही करायच्या आधी खर्चाची फोड लिहून मागा, हरलो तर काय तेही त्यातच. आणि पहिली भेट त्या थोरल्या ज्युनिअर बाई असतील तेव्हाचीच मागा, मॅडमची मिळाली तरी.